मुंबईत बसून मराठीत विज्ञानाचा पॉडकास्ट: पहिल्या प्रश्नापासून श्रोत्यांच्या उत्तरापर्यंत

२७ जुलै २००५च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. दोन ठिकाणांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. कुर्ल्याला छातीभर पाण्यातून घर गाठणाऱ्यांना आणि फोर्टातल्या ऑफिसात ‘एवढं काय झालंय?’ म्हणत बसलेल्यांना नंतर एकच प्रश्न पडला: एकाच शहरात असं कसं?

हा विज्ञानाच्या पॉडकास्टचा आयता विषय आहे. या लेखात आपण हाच एक भाग मुळापासून बांधून बघू. तुमचा विषय बिबट्यांचा असेल, डेंग्यूचा असेल किंवा ग्रहणाचा, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

विज्ञान सांगणारं मराठीत कमी नाही. व्याख्यानं आहेत, दिवाळी अंकांतले लेख आहेत, यूट्यूबवर तर पूर आहे. कमी आहे ती ऐकणाऱ्याने उलट विचारायची सोय. म्हणून पॉडकास्ट करायचाच तर तो श्रोत्याला आधीच पडलेल्या प्रश्नापासून सुरू व्हावा आणि श्रोत्याचं म्हणणं घेऊन पुढे जावा. नाहीतर ते व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग होतं. त्यालाही किंमत आहे, पण ते काम वेगळं.

प्रश्न कुठून आणायचा

‘हवामानबदल’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘आमच्याकडे पाणी तुंबलं तेव्हा बहिणीकडे बोरिवलीत ऊन कसं होतं?’ हा प्रश्न. विषयावर भाग केलात की तो चाळीस मिनिटांनीही संपत नाही. प्रश्नावर केलात की संपायची जागा आपोआप ठरते.

प्रश्न गोळा करायला लोक जिथे विचारतात तिथे जाऊन बसा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा कार्यक्रम २००९पासून चालू आहे. जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात शास्त्रज्ञ रविवारी सकाळी चहासोबत लोकांशी बोलतात. तिथे वक्त्याइतकंच लक्ष प्रश्नोत्तरांकडे द्या. कोणता प्रश्न विचारल्यावर मागच्या रांगेतले लोक पुढे वाकतात ते वहीत टिपा. चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद (स्थापना १९६६), मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र यांच्या कार्यक्रमांनाही हेच करा. आणि हे जमलं नाही तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेले ‘हे खरं आहे का?’ छापाचे फॉरवर्ड पाहा. वर्षभराचे विषय तिथेच पडलेले असतात.

मुंबईचा एक फायदा म्हणजे इथल्या विज्ञानाला पत्ता आहे. परळच्या हाफकिन संस्थेजवळून रोज जाणाऱ्याला सांगा की वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस या शहरात तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. कुलाब्याच्या वेधशाळेने १८५९चं प्रचंड सौरवादळ नोंदवलं होतं. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर, त्यांच्यामुळे तिथलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप बिघडेल म्हणून ते काम अलिबागला हलवलं, आणि अलिबागची वेधशाळा १९०४पासून नोंदी घेते आहे. अलिबागला वीकेंडला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

प्रश्न ठरला की एका वाक्यात लिहून भिंतीवर चिकटवा. आपला: ‘२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला ७३, असं कसं?’ या वाक्याला मदत न करणारी माहिती, कितीही रंजक असली तरी, या भागात येणार नाही. मिठी नदीचा इतिहास मोहात पाडेल. त्याला वेगळा भाग द्या.

अभ्यास आणि माणसं

आधी स्वतः वाचा. निदान एवढं कळायला हवं की पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हवामान खात्याचा पावसाचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला का सुरू होतो आणि ढगफुटी कशाला म्हणायची. खात्याच्या व्याख्येत लहानशा क्षेत्रावर तासाला साधारण १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे ढगफुटी. बातम्यांत मात्र जोराची सर आली तरी तीच असते. हा फरक तुम्हाला माहीत असेल तर मुलाखतीत अर्धा वेळ वाचतो.

मग दोन प्रकारची माणसं शोधा. पहिला, हवामानाचा अभ्यासक: आयआयटी मुंबई, हवामान खातं किंवा एखाद्या कॉलेजचा भूगोल विभाग. सरकारी संस्थेतल्या व्यक्तीला बोलण्यासाठी परवानगी लागू शकते, तेव्हा पत्र लवकर पाठवा. पत्र चार ओळींचं असावं: तुम्ही कोण, प्रश्न काय, किती वेळ लागेल, भाषा मराठी. ‘आपले अमूल्य मार्गदर्शन लाभावे’ लिहिलंत की उत्तर पुढच्या आठवड्यावर जातं. नेमका प्रश्न लिहिलात तर बहुतेक शास्त्रज्ञ खूश होतात, कारण त्यांना असं कोणी विचारत नाही.

दुसरा माणूस पदवीवाला नसेल, पण तिथे असेल. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले काका त्या दिवशीचा वारा आणि भरती यांबद्दल जे सांगतील ते कुठल्या शोधनिबंधात नसेल. त्यांना ‘अनुभव सांगा’ म्हणून दोन वाक्यांपुरतं बोलावू नका. त्यांनी पाहिलेली गोष्ट अभ्यासकापुढे ठेवा आणि अभ्यासकाचं उत्तर परत त्यांना ऐकवा. काय पाहिलं आणि काय मोजलं, यांतला फरक श्रोत्याला ऐकू आला पाहिजे. त्यात कोणाचा कमीपणा नाही.

मुलाखत

रेकॉर्डिंगच्या आधी दहा मिनिटं फोनवर बोला, पण मुख्य प्रश्न त्या फोनवर विचारू नका. उत्तर एकदा देऊन झालं की दुसऱ्यांदा ते शिळं येतं, आणि वर ‘मी मघाशी म्हटलं तसं’ येतं, जे श्रोत्याने ऐकलेलंच नसतं.

मराठी मुलाखतकाराला दोन सवयी सोडाव्या लागतात. एक, पाहुण्याची पदं आणि पुरस्कार वाचत पहिली दोन मिनिटं घालवणं. दुसरी, शेवटी ‘आमच्या श्रोत्यांना काय संदेश द्याल?’ संदेश नको असतो कोणाला.

समजा तुम्ही विचारलंत, ‘सर, ढग उत्तर मुंबईवरच का थांबले?’ आणि उत्तर आलं, ‘त्या दिवशी मेसोस्केल कन्व्हेक्टिव्ह सिस्टीम डेव्हलप झाली होती.’ इथे मान डोलावून पुढे गेलात तर भाग हातातून गेला. विचारा, ‘सर, मी दुपारी तीनला गच्चीवर उभा असतो तर मला आकाशात काय दिसलं असतं?’ आता त्यांना चित्र काढावंच लागतं: समुद्रावरून आलेली दमट हवा, झपाट्याने उंच चढणारे ढग, एका ढगाने पाऊस टाकून झाला की जवळपास त्याच जागी उभा राहणारा दुसरा. अशा एकेका ढगाचा पसारा काही किलोमीटरचाच असतो, म्हणून कुलाबा त्याच्या बाहेर राहू शकतं. उत्तराचा गाभा मिळाला. इंग्रजी शब्द आला म्हणून घाबरू नका. एकदा चित्र दिसलं की श्रोता तो पचवतो.

आणखी दोन प्रश्न प्रत्येक मुलाखतीत हवेतच. ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ आणि ‘यातलं अजून नक्की काय कळलेलं नाही?’ पहिल्यातून पर्जन्यमापक, उपग्रह, संगणकावरची प्रारूपं बाहेर येतात, म्हणजे विज्ञान कसं चालतं ते. दुसऱ्याने विश्वास वाढतो. शास्त्रज्ञ ‘याबद्दल मतभेद आहेत’ म्हणाला तर ते वाक्य कापू नका.

संहिता: तोंडाने लिहा

मराठी लिहायला बसलो की आपल्या अंगात सरकारी परिपत्रक येतं. हे पाहा:

‘दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर इतक्या विक्रमी पर्जन्यमानाची नोंद करण्यात आली.’

बरोबर आहे, आणि कानावरून निघून जातं. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे येत नाही. आता हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा फूट बाय दहा फूट म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. गुणिले ९४४, झाले सुमारे ८,८०० लिटर. मग असं लिहा:

‘दहा बाय दहाची खोली डोळ्यांपुढे आणा. तिच्या छपरावर त्या एका दिवसात जे पाणी पडलं, ते सगळं साठवलं असतं ना, तर आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर जवळजवळ भरला असता. एका खोलीच्या छपरावर. आणि त्याच दिवशी कुलाब्याच्या तशाच खोलीवर पडलं साधारण सातशे लिटर. घरावरची एक मोठी टाकी.’

मुंबईकराला टँकर कळतो. तो येण्याची वाट त्याने पाहिलेली असते. आकडा सांगायचाच, पण एका परिच्छेदात एकच, आणि त्याला टेकायला असं काहीतरी देऊन.

वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचा. एका श्वासात बसत नसेल तर तोडा. ‘करण्यात आले’, ‘दिसून येते’, ‘सदर’, ‘तथापि’ दिसले की उडवा. संथ बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द धरला, तर वीस मिनिटांच्या भागात मुलाखती वजा जाता तुमच्या वाट्याला हजारभर शब्द येतात. पुरे आहेत.

तयार संहितेतला विज्ञानाचा भाग अभ्यासकाला दाखवा, चुका काढायला. ‘हे असं म्हणू नका, तसं म्हणा’ अशी शैलीची दुरुस्ती आली तर आभार मानून तुमचंच ठेवा. तथ्य त्यांचं, वाक्य तुमचं.

रेकॉर्डिंग: शहराशी तडजोड

माइकवर पहिल्याच दिवशी पैसे घालू नका. फोनला लागणारा साधा कॉलर माइक दोन-तीन हजारांच्या आत येतो आणि सुरुवातीला तो बास. पुढे घ्यायचा तर आपल्या घरांत डायनॅमिक माइक बरा. कंडेन्सर माइक नाजूक आवाज सुंदर पकडतो, त्यात शेजारच्या कुकरची शिट्टीही आली.

खोली माइकपेक्षा महत्त्वाची. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. कपड्यांचं कपाट उघडा, त्याच्याकडे तोंड करून बसा, मागे दोरीवर गोधड्या टाका, टेबलावर जाड चादर. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं राहणार नाही. वेळ दुपारी दोन ते चार चांगली, कारण बऱ्याच सोसायट्यांत या वेळात ड्रिलिंगला बंदी असते. नाहीतर रात्री अकरानंतर. गणपतीच्या दिवसांत रेकॉर्डिंग ठेवूच नका.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. मराठीत फ, भ, ख, घ यांच्याबरोबर बरीच हवा बाहेर येते आणि ती सरळ माइकवर आदळली की धप्प होतं. चाचणीला ‘फुफ्फुस’ म्हणून बघा. फुफ्फुस स्वच्छ आलं तर काहीही येईल. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या ठिकाणी उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान ठेवा. फाइल वेव्ह (न दाबलेल्या) स्वरूपात घ्या, एमपीथ्री शेवटी. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या जागा सांधायला ती लागते. पाहुणा लांब असेल तर त्याला त्याच्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून फाइल पाठवायला सांगा. कॉलवरच्या आवाजापेक्षा ते कितीतरी बरं.

बाहेरचे आवाज मात्र भरपूर जमवा. जूनमध्ये पत्र्यावरचा पाऊस, ताडपत्रीवरचा पाऊस, छत्रीवरचा पाऊस वेगवेगळे रेकॉर्ड करा, प्रत्येकी दोन मिनिटं. तिन्ही आवाज वेगळे आहेत आणि तीन वेगवेगळी घरं सांगतात. फक्त यंदाच्या सरीचा आवाज ‘२६ जुलैचा पाऊस’ म्हणून खपवू नका. विज्ञानाच्या कार्यक्रमात ध्वनीनेही खोटं बोलू नये. सिनेमाची गाणी टाकू नका, दहा सेकंदही नाही. मोकळ्या परवान्याचं संगीत मिळतं, त्याच्या अटी वाचून श्रेय द्या.

कापाकापी

ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. पहिल्या फेरीत फक्त आशय बघा: कोणता तुकडा प्रश्नाला धरून आहे, कोणता नाही. दुसऱ्या फेरीत अडखळणं, खोकला, दोनदा म्हटलेलं वाक्य. श्वास सगळे काढू नका, माणूस बोलल्यासारखं वाटत नाही. कापताना पाहुण्याच्या ‘बहुधा’ आणि ‘काही अंशी’ला हात लावू नका. ते गेले की त्यांच्या तोंडी भलताच दावा जातो.

शेवटची पातळी स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), मोनोला, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असेल तर, उणे १९, आणि शिखर उणे एक डेसिबलच्या वर नको. एकट्या बोलण्याला मोनो पुरतो: ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) वीस मिनिटांची फाइल साडेनऊ एमबीच्या आसपास बसते, म्हणजे डेटा जपून वापरणाराही ऐकू शकतो. नंतर स्वस्तातला इअरफोन लावून लोकलच्या दाराजवळ उभं राहून पूर्ण भाग ऐका. तुमचे बरेच श्रोते तिथेच असणार आहेत. वाक्याचा शेवट खाली जाऊन गडप होत असेल तर परत बसा.

प्रसिद्धी

हे सोपं आहे. एखाद्या होस्टिंग सेवेवर, म्हणजे पॉडकास्टच्या फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर, फाइल चढवा. ती तुम्हाला आरएसएस फीड देते (शाखेशी संबंध नाही; ही तुमच्या भागांची आपोआप ताजी होणारी यादी), आणि ते फीड स्पॉटिफाय, अ‍ॅपल पॉडकास्ट्स, यूट्यूब वगैरेंना एकदाच जोडावं लागतं. मुखचित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल, आणि अंगठ्याएवढं केल्यावरही नाव वाचता येईल असं. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. भागाच्या नावात प्रश्नच ठेवा; ‘भाग ७: पर्जन्यविचार’ कोणी उघडत नाही. वर्णनात महत्त्वाचे शब्द रोमन लिपीतही टाका, कारण बरेच मराठी लोक शोध तसाच घेतात. संपूर्ण संहिता लेखी द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आणि शिक्षकांसाठी ती सोन्यासारखी असते.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी दोन मिनिटांचा तुकडा वेगळा करा. तो तुमच्या लिंकपासून तुटून फिरणार, म्हणून कार्यक्रमाचं नाव, बोलणारा कोण आणि रेकॉर्डिंगचं वर्ष त्या तुकड्याच्या आत, आवाजातच सांगा. नाहीतर दोन पावसाळ्यांनी कोणीतरी तो ‘आत्ताचा इशारा’ म्हणून फिरवेल.

ऐकवणं, आणि ऐकणं

पॉडकास्ट तो शोधणाऱ्यालाच सापडतो, आणि विज्ञानाचा पॉडकास्ट शोधणारा आधीच आपल्या बाजूचा असतो. बाकीच्यांकडे स्पीकर घेऊन जावं लागतं. बहुतेक जण ही पायरी गाळतात. सोसायटीचं ऑफिस, वॉर्डातलं वाचनालय, बचत गटाची बैठक, शाळेचा शेवटचा तास, कुठेही दहा-बारा माणसं पुरतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळा बोलावतात, पण त्या दिवशी सगळेच बोलावतात. जूनमधली पावसाची सुट्टी संपल्यावरचा दिवस आपल्या भागासाठी जास्त चांगला.

सगळा भाग सलग लावू नका. टँकरचा हिशेब येईपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटं, ऐकवा आणि थांबवा. विचारा: ‘तुम्ही त्या दिवशी कुठे होता?’ वयस्कर मंडळी बोलायला लागली की आवरणं कठीण, आवरू नका. मग कुलाबा आणि सांताक्रूझच्या फरकाचं कारण काय असेल, ते त्यांनाच सुचवू द्या आणि फळ्यावर लिहा. उरलेला भाग त्यानंतर. स्वतःचा अंदाज फळ्यावर असला की माणूस शास्त्रज्ञाचं उत्तर पार वेगळ्या कानाने ऐकतो. शेवटी चिठ्ठ्या वाटा, एकेक प्रश्न लिहून घ्या, नाव हवं तर. कोणाचा आवाज वापरायचा असेल तर तिथेच विचारा. मुलांचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्या.

प्रश्नांसाठी वेगळा फोन नंबर ठेवा आणि व्हॉइस मेसेज अर्ध्या मिनिटाचेच मागा. पुढचा भाग त्यातल्या एखाद्या आवाजाने सुरू करा. डाउनलोडचा आकडा बघायला हरकत नाही, पण डाउनलोड म्हणजे ऐकलं असं नाही. किती जणांनी उलट विचारलं, आणि त्यांतले किती प्रश्न तुम्हाला आधी सुचले नव्हते, याची नोंद ठेवलीत तर पुढचे विषय तिथूनच निघतील.

उलट विचारणाऱ्यांत चूक दाखवणारेही असतील, बऱ्याचदा निवृत्त इंजिनिअर. त्यांचा मेल टाळू नका. आकडा किंवा कारण खरोखर चुकलं असेल तर पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच, शेवटी पुटपुटत नाही, काय चुकलं आणि बरोबर काय ते सांगा. होस्टिंगवर जुन्या फाइलच्या जागी दुरुस्त फाइल चढवा, लिंक तीच ठेवा, आणि वर्णनात दुरुस्तीची तारीख घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तुकडा परत बोलावता येत नाही. त्यासाठी दुरुस्तीचा नवा तुकडा करून त्याच ग्रुपांवर सोडा.